एकाच ट्रान्झिस्टरच्या चार अवस्था: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

काम ठरलं. एकच एनपीएन ट्रान्झिस्टर (एमिटर, बेस, कलेक्टर असे तीन थर, प्रत्येकाला एक पाय) बोर्डाच्या मधोमध बसवायचा, त्याच्या दोन्ही जंक्शनांना (दोन थर भेटतात त्या सीमांना) स्विचने हवा तसा बायस (फॉरवर्ड म्हणजे वाहू देणारं, रिव्हर्स म्हणजे अडवणारं व्होल्टेज) द्यायचा, आणि तिन्ही पायांतले करंट एकाच वेळी वाचता येतील अशी सोय करायची. शिकणाऱ्यांसमोर कटऑफ, ॲक्टिव्ह, सॅच्युरेशन आणि रिव्हर्स ॲक्टिव्ह या चार अवस्था बहुतेक वेळा चार सुट्या सर्किटांतून येतात. मग चार वेगळे नियम पाठ होतात आणि त्यांना जोडणारा धागा हाती लागत नाही. ट्रान्झिस्टर तोच, जंक्शनंही तीच. बदलतं ते फक्त प्रत्येक जंक्शनवरचं व्होल्टेज. ते एका जागी घडताना दिसावं यासाठी हा बोर्ड.

ट्रान्झिस्टर बीसी५४७बी. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ मध्ये हाच क्रम उलटा आहे, म्हणून बोर्डावर सॉकेटशेजारी पायांची अक्षरं ठळक लिहायची. डेटाशीटमधल्या (उत्पादकाच्या माहितीपत्रकातल्या) मर्यादा: कलेक्टर-एमिटर ४५ व्होल्ट, कलेक्टर करंट १०० मिलिअँप, आणि एमिटर-बेस उलट दिशेने फक्त ६ व्होल्ट. हा शेवटचा आकडा सहसा कुणी वाचत नाही. रिव्हर्स अवस्थेच्या प्रयोगात सगळ्यात आधी तोच आडवा येणार आहे, म्हणून त्या स्विचला ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय देतो आहे.

करंट मोजायला अँमीटर लावणार नाही. मायक्रोअँपच्या रेंजवर मीटर स्वतःच काही मिलिव्होल्ट खातो, आणि बेसच्या बाजूला तेवढ्यानेही आकडे हलतात. त्याऐवजी कलेक्टरमध्ये १ किलोओहम (१ व्होल्ट म्हणजे १ मिलिअँप) आणि बेसमध्ये १०० किलोओहम (१ व्होल्ट म्हणजे १० मायक्रोअँप). रेझिस्टर १ टक्केवाले.

सुरुवातीला मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर दोन्ही जंक्शनं तपासली. बेस-एमिटर ०.६८८, बेस-कलेक्टर ०.६८४. चार मिलिव्होल्टचा हा फरक प्रत्येक नगात त्याच दिशेने दिसतो, एमिटरकडचा आकडा किंचित जास्त. पाय ओळखायला तो कामी येतो. तो का येतो हे पुढे तपासायचं आहे.

दोन १एन४१४८ डायोड ॲनोडला ॲनोड जोडून ‘ट्रान्झिस्टर’ करूनही पाहिला. मधल्या टोकाला करंट दिला, वरच्या डायोडवर उलट व्होल्टेज दिलं: वरून काहीच वाहिलं नाही. आकृतीत ट्रान्झिस्टर दोन पाठमोऱ्या डायोडांसारखा दिसतो, पण इथे दोघांच्या मध्ये धातूची तार आहे. एका डायोडमध्ये शिरलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या जंक्शनपर्यंत मायनॉरिटी कॅरिअर (त्या थरात संख्येने थोडे असलेले वाहक) म्हणून पोचूच शकत नाहीत. ट्रान्झिस्टरचं सगळं मर्म बेसच्या त्या पातळ, सलग थरात आहे. हा फसलेला जोड बोर्डाच्या कोपऱ्यात मुद्दाम ठेवायचा.

६ ऑगस्ट

कटऑफ: एकही जंक्शन फॉरवर्ड नाही. कलेक्टरवर १२ व्होल्ट, बेस एमिटरला जोडलेला. १ किलोओहमवर शून्य, अपेक्षेप्रमाणे. पण ‘शून्य’ किती शून्य आहे हे पाहायला मल्टिमीटरच कलेक्टरच्या वाटेत व्होल्टेज रेंजवर लावला. त्याचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असल्याने १० मिलिव्होल्ट म्हणजे १ नॅनोअँप. वाचन मीटरच्या शेवटच्या अंकातच घुटमळत राहिलं. डेटाशीट कमाल १५ नॅनोअँप म्हणते. हाती आलेला नग त्याच्या कितीतरी खाली आहे.

आता बेस मोकळा सोडला. आकडा चढून एक-दोन मिलिव्होल्टवर आला. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक ट्रान्झिस्टरच्या जवळ धरलं, न टेकवता. आकडा सरसर चढत शेकडो मिलिव्होल्टवर गेला. त्याच गरम अवस्थेत बेस तारेने एमिटरला जोडला, की लगेच खाली. तार काढली, की पुन्हा वर.

हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. रिव्हर्स बायसमधल्या कलेक्टर जंक्शनमध्ये उष्णतेने इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या तयार होतात (होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, धन भारासारखी वागणारी). इलेक्ट्रॉन कलेक्टरकडे जातात, होल बेसमध्ये येतात. बेस एमिटरला जोडलेला असेल तर होल तारेने निघून जातात. बेस मोकळा असेल तर त्यांना एकच वाट उरते, एमिटर जंक्शन ओलांडण्याची. ते तिथे साचतात, जंक्शन जरासं फॉरवर्ड होतं, आणि एमिटर त्याला उत्तर म्हणून कितीतरी पट इलेक्ट्रॉन आत सोडतो. म्हणजे मोकळ्या बेसचा ट्रान्झिस्टर स्वतःचीच गळती वाढवून दाखवतो. गळती दर १० अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते, त्यामुळे गरम डब्यात बसलेल्या स्विचिंग सर्किटात बेस ते एमिटर रेझिस्टर हवाच. जर्मेनियमच्या काळात हा प्रश्न याहून फार मोठा होता; सिलिकॉनमुळे तो विसरला जातो, संपत मात्र नाही.

९ ऑगस्ट

ॲक्टिव्ह अवस्था: एमिटर जंक्शन फॉरवर्ड, कलेक्टर जंक्शन रिव्हर्स. पूर्ण प्रकल्पाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे सावकाश चाललो.

कलेक्टर ५ व्होल्टवर ठेवून बेस-एमिटर व्होल्टेज हळूहळू वाढवलं. कलेक्टर करंट आणि त्यासमोर लागलेलं व्होल्टेज असं मिळालं:

१० मायक्रोअँप: ५१८ मिलिव्होल्ट
१०० मायक्रोअँप: ५७८ मिलिव्होल्ट
१ मिलिअँप: ६३८ मिलिव्होल्ट
१० मिलिअँप: ७०० मिलिव्होल्ट

शेवटच्या वाचनाला कलेक्टरमध्ये १०० ओहम लावला. प्रत्येक दसपटीला ६० मिलिव्होल्ट. शेवटच्या पायरीत दोन जास्त आले, ते ट्रान्झिस्टरच्या अंगच्या रोधात पडलेले. ‘सिलिकॉनला ०.७ व्होल्ट लागतात’ हे वाक्य सोयीचं आहे, पण ०.७ ला कुठलाही उंबरठा नाही. ०.५२ व्होल्टलाही ट्रान्झिस्टर तितक्याच नियमाने चालतो, फक्त करंट हजारपट लहान असतो. ६० हा आकडा नगावर अवलंबून नाही. केल्विनमधलं तापमान, बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, एवढ्यांतून तो निघतो.

आता मुख्य प्रश्न. कलेक्टर जंक्शन रिव्हर्स बायसमध्ये आहे, मग त्यातून करंट जातो कसा? रिव्हर्स बायस मेजॉरिटी कॅरिअरना अडवतो. बेसमधले होल कलेक्टरकडे जाऊ शकत नाहीत, कलेक्टरमधले इलेक्ट्रॉन बेसकडे येऊ शकत नाहीत. पण एमिटरने बेसमध्ये सोडलेले इलेक्ट्रॉन तिथे मायनॉरिटी आहेत, आणि त्यांच्यासाठी तेच विद्युतक्षेत्र उताराचं आहे. कडेला पोचले की ते ओढले जातात. बेसच्या थरातून मात्र त्यांना कुणी ओढत नाही. एमिटरच्या कडेला त्यांची दाटी आणि कलेक्टरच्या कडेला जवळजवळ शून्य, म्हणून ते दाटीकडून विरळाकडे पसरत जातात.

वहीत हा आलेख मोठा काढून ठेवला आहे. आडव्या अक्षावर बेसची जाडी, उभ्या अक्षावर इलेक्ट्रॉनची दाटी. डावीकडे उंच, उजवीकडे शून्य, मध्ये तिरकी सरळ रेघ. त्या रेघेचा उतार म्हणजे कलेक्टर करंट. डावी उंची एमिटर जंक्शनवरचं व्होल्टेज ठरवतं, आणि दर ६० मिलिव्होल्टला ती दसपट होते. उजवी उंची कलेक्टर जंक्शन ठरवतं, आणि रिव्हर्स बायसमध्ये ती शून्यच असते, मग बायस एक व्होल्टचा असो की दहाचा. धरणाच्या सांडव्यावरून किती पाणी पडेल हे मागच्या पाण्याच्या उंचीवर ठरतं, पुढची दरी किती खोल आहे यावर नाही. कलेक्टरचं व्होल्टेज ही ती दरी.

हे ताडून पाहिलं. बेस करंट ३.४ मायक्रोअँपवर कायम ठेवून कलेक्टर २ व्होल्टवरून १० व्होल्टवर नेला. करंट १.०० वरून १.१२ मिलिअँप झाला. व्होल्टेज पाचपट, करंट आठवा हिस्साही वाढला नाही. ही थोडी वाढही आलेखात बसते: रिव्हर्स बायस वाढला की कलेक्टरचा डिप्लिशन थर (जंक्शनभोवतीचा वाहकांविना उरलेला पट्टा) बेसमध्ये आणखी थोडा घुसतो, बेसची कामाची जाडी कमी होते, त्याच उंचीवरून येणारी रेघ आखूड आणि म्हणून जास्त तिरकी होते. जेम्स अर्ली यांनी १९५२ मध्ये हे मांडलं, परिणामाला त्यांचंच नाव आहे. माझ्या आकड्यांवरून करंट-व्होल्टेजची रेघ शून्य करंटपर्यंत मागे वाढवली तर अर्ली व्होल्टेज ६५ च्या आसपास येतं.

बेस करंट मग कशाचा? एमिटर जंक्शन फॉरवर्ड आहे म्हणजे होलही बेसमधून एमिटरमध्ये जाणार. त्यांची संख्या लहान राहावी म्हणून एमिटरचं डोपिंग (मुद्दाम केलेली भेसळ) बेसपेक्षा शेकडो पटींनी दाट असतं. शिवाय बेस ओलांडताना काही इलेक्ट्रॉन होलला भेटून तिथेच संपतात. पुस्तकांत दुसरं कारण पुढे असतं, पण पातळ बेसच्या आजच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये पहिल्याचा वाटा सहसा मोठा असतो. दोन्ही मिळून गेलेले होल बेसच्या तारेने भरून द्यावे लागतात. माझ्या नगात १ मिलिअँपला ३.४ मायक्रोअँप, म्हणजे बीटा (कलेक्टर करंट भागिले बेस करंट) २९० च्या जवळ. एमिटरच्या करंटचे तीनशे भाग धरले तर त्यांतले २९९ कलेक्टरपर्यंत पोचतात असा हिशेब.

इलेक्ट्रॉन बेसच्या अंगातून आरपार जातात, ही गोष्ट सुरुवातीला उघड नव्हती. बार्डीन आणि ब्रॅटन यांच्या डिसेंबर १९४७ च्या ट्रान्झिस्टरमध्ये दोन्ही सोन्याचे स्पर्श जर्मेनियमच्या एकाच पृष्ठभागावर होते, आणि प्रवाह पृष्ठभागाच्या कडेनेच जात असावा असं मानायला जागा होती. १९४८ च्या फेब्रुवारीत जॉन शाइव्ह यांनी जर्मेनियमच्या पातळ तुकड्याच्या समोरासमोरच्या बाजूंना स्पर्श लावून तोच परिणाम मिळवला. वाहक आतून जातात हे त्याने दाखवलं. शॉकली यांचा जंक्शन ट्रान्झिस्टरचा विचार याच गोष्टीवर उभा होता. आपण आज जो तिरक्या रेघेचा आलेख सहज काढतो, तो त्या काही आठवड्यांची कमाई आहे.

११ ऑगस्ट

बायस देण्याच्या पद्धती. बीसी५४७ च्या ए, बी आणि सी या बीटाच्या गटांतला एकेक नग घेतला. मोजलेले बीटा १८०, २९० आणि ५२०. आधी तिघांनाही १ मिलिअँपवर आणून बेस-एमिटर व्होल्टेज पाहिलं: फरक पंधरा मिलिव्होल्टच्या आत. बेस करंट मात्र जवळजवळ तिप्पट फरकाचे. म्हणजे व्होल्टेज आणि कलेक्टर करंट यांचं नातं घट्ट आहे, बेस करंट आणि कलेक्टर करंट यांचं सैल. बीटा ही बनावटीतली उरलेली गोष्ट आहे. एकाच गटाच्या डेटाशीटमध्येही ती २०० ते ४५० अशी दिलेली असते.

मग पहिली पद्धत, बेसला एकच मोठा रेझिस्टर. सप्लाय १२ व्होल्ट, बेसला ३.३ मेगाओहम, कलेक्टरला ४.७ किलोओहम. कलेक्टर करंट ए ला ०.६२, बी ला १.००, सी ला १.७९ मिलिअँप. कलेक्टरवर उरलेलं व्होल्टेज अनुक्रमे ९.१, ७.३ आणि ३.६. सी गटाच्या वरच्या टोकाचा, ८०० बीटाचा नग इथे बसवला तर तो ॲक्टिव्ह अवस्थेत राहणारच नाही. हिशेबाने २.७५ मिलिअँप हवेत, पण ४.७ किलोओहम २.५५ च्या वर जाऊ देत नाही. तो सॅच्युरेशनमध्ये जाईल.

दुसरी पद्धत, डिव्हायडर (सप्लायचं व्होल्टेज दोन रेझिस्टरांत वाटणारी जोडणी). ४७ आणि १० किलोओहम, एमिटरला १.५ किलोओहम. ०.९४, ०.९६, ०.९७ मिलिअँप. बीटा तिपटीने बदलला आणि करंट तीन टक्के.

इथे काय होतं हे दोन मीटर लावून पाहिलं तर फार सुंदर दिसतं. डिव्हायडर बेसला सुमारे २.१ व्होल्टवर धरतो. करंट वाढू लागला की एमिटर वर सरकतो, आणि बेस-एमिटरमध्ये उरलेलं व्होल्टेज आपोआप कमी होतं. आलेखातली डावी उंची खाली येते, करंट आवरला जातो. पहिल्या पद्धतीत अशी परतीची वाटच नाही. स्विचला दोन्ही पद्धती देतो. तिन्ही नग सॉकेटमध्ये बदलून बघणाऱ्याने स्वतः आकडे लिहावेत.

१२ ऑगस्ट

उष्णता. बेस-एमिटर ६३८ मिलिव्होल्टवर कमी रोधाच्या डिव्हायडरने घट्ट धरलं आणि ट्रान्झिस्टर दोन बोटांत धरला. करंट १.०० वरून चढत चढत १.५ मिलिअँपच्या आसपास स्थिरावला. बोटांची ऊब पाच-सहा अंशांची. एकाच करंटसाठी लागणारं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. ते घटू दिलं नाही, तर करंट दर अंशाला आठेक टक्क्यांनी वाढतो. मोठ्या ट्रान्झिस्टरमध्ये करंट वाढला की तो आणखी तापतो, आणखी करंट घेतो आणि शेवटी जळतो. एमिटरला १.५ किलोओहम लावून पुन्हा बोटांत धरला: बदल एका टक्क्याच्या आत.

१६ ऑगस्ट

सॅच्युरेशन. कलेक्टरला ५ व्होल्टचा सप्लाय १ किलोओहममधून. म्हणजे काहीही केलं तरी ५ मिलिअँपच्या वर जाता येणार नाही. बेस करंट वाढवत गेलो. ५ मायक्रोअँपला कलेक्टर ३.५५ व्होल्टवर. १० ला २.१. १५ ला ०.६५. १७ च्या पुढे आकडा एकदम अडखळला: कलेक्टर ०.२ च्या जवळ. मग ५० मायक्रोअँपला ०.०८, २५० ला ०.०४. शेवटच्या वाचनात बेस करंट पाचपट केला, आणि कलेक्टर करंट शंभराव्या हिश्श्याने वाढला.

सगळ्यात बोलकं वाचन बेस आणि कलेक्टरच्या मधलं. २५० मायक्रोअँपला बेस ०.६९ वर, कलेक्टर ०.०४ वर, म्हणजे बेस कलेक्टरपेक्षा ०.६५ व्होल्टने वर. कलेक्टर जंक्शनही फॉरवर्ड झालं आहे! प्रोब तिथे नेऊन चिन्ह धन झालेलं दिसणं हीच सॅच्युरेशनची खरी खूण, म्हणून बोर्डावर या दोन पायांसाठी वेगळा मीटर हवाच. कलेक्टर एमिटरच्या जवळ येणं हा त्याचा परिणाम.

आलेखाकडे परत. आता उजवी कडा शून्यावर नाही. तीही उचलली गेली आहे. उतार मात्र बाहेरच्या रेझिस्टरने बांधून ठेवला आहे, कारण कलेक्टर करंट ५ मिलिअँपवर अडकलेला. मग जास्तीचा बेस करंट काय करतो? तो उतार बदलू शकत नाही, म्हणून संपूर्ण रेघ समांतर वर उचलतो. रेघेखालचं क्षेत्रफळ वाढतं, आणि ते क्षेत्रफळ म्हणजे बेसमध्ये साठलेला विद्युतभार. कलेक्टर जंक्शन फॉरवर्ड झाल्याने होल कलेक्टरच्या विरळ डोपिंगच्या भागातही शिरतात आणि तिथेही साठतात. ‘ट्रान्झिस्टर पूर्ण चालू’ या शब्दांत हे काहीच येत नाही. करंटच्या बाबतीत तो भरला आहे, साठ्याच्या बाबतीत तो अजून भरतो आहे.

१७ ऑगस्ट

साठा ऑसिलोस्कोपवर दाखवता येतो. बेसला १० किलोओहममधून ० ते ५ व्होल्टची चौकोनी लहर, कलेक्टरला तोच १ किलोओहम. लहर खाली आल्यावरही कलेक्टर काही काळ हलत नाही. पडद्यावर मायक्रोसेकंदापेक्षा जास्त लांबीचा सपाट भाग दिसतो आणि मग तो वर चढतो. तेवढ्या वेळात बेसमधला साठा १० किलोओहममधून बाहेर जात असतो. त्याला ढकलणारं व्होल्टेज फक्त ०.७, म्हणून वेळ लागतो.

बेस ते कलेक्टर बीएटी८५ हा शॉटकी डायोड (कमी व्होल्टेजलाच वाहू लागणारा) लावला, ॲनोड बेसकडे. सपाट भाग जवळजवळ नाहीसा. कलेक्टर ०.३५ व्होल्टच्या आसपास आला की शॉटकी वाहू लागतो आणि जास्तीचा बेस करंट सरळ कलेक्टरकडे वळवतो; कलेक्टर जंक्शन पुरतं फॉरवर्ड होतच नाही. चालू असतानाचं व्होल्टेज ०.०४ ऐवजी ०.३५, ही त्या वेगाची किंमत. ७४एस आणि ७४एलएस या लॉजिक मालिकांत हाच जोड चिपच्या आत केलेला असतो. डायोडला बोर्डावर जंपर द्यायचा, लावून-काढून पाहता यावा.

२० ऑगस्ट

रिव्हर्स ॲक्टिव्ह: कलेक्टर जंक्शन फॉरवर्ड, एमिटर जंक्शन रिव्हर्स. स्विचने एमिटर आणि कलेक्टरची अदलाबदल. सप्लाय ५ व्होल्ट, ६ च्या मर्यादेच्या आत. मर्यादेपलीकडे जाऊन एमिटर जंक्शनचं ब्रेकडाउन दाखवता येईल, पण ते करणार नाही. त्यात वेगवान झालेले वाहक जंक्शनच्या कडेला ऑक्साइड बिघडवतात आणि बीटा कायमचा घसरतो. प्रात्यक्षिकाच्या बोर्डावरचा ट्रान्झिस्टर त्यासाठी खर्ची घालण्यात अर्थ नाही.

बेस करंट ५० मायक्रोअँप, एमिटरच्या पायात गोळा झालेला करंट ०.४ मिलिअँप. बीटा ८. सरळ दिशेने २९०.

इथे बहुतेक जण ‘उलटा ट्रान्झिस्टर नीट चालत नाही’ म्हणून पुढे जातात. मला थांबायचं होतं. गोळा होणारा करंट १०० मायक्रोअँपवर आणला आणि बेस-कलेक्टर व्होल्टेज वाचलं: ५८० मिलिव्होल्ट. ९ तारखेच्या यादीत सरळ दिशेने १०० मायक्रोअँपला ५७८ होतं. बेस ओलांडण्याचा नियम दोन्ही दिशांना एकच निघाला! तोच थर, तीच जाडी, तीच तिरकी रेघ, फक्त आरशात पाहिल्यासारखी. वरचे दोन मिलिव्होल्ट बेसच्या अंगच्या रोधात गेले, कारण या दिशेने बेस करंट १२ मायक्रोअँपच्या वर आहे.

बदललं आहे ते बेसला भरून द्यावं लागणारं प्रमाण. आता इलेक्ट्रॉन सोडण्याचं काम कलेक्टरकडे आहे आणि त्याचं डोपिंग बेसपेक्षा विरळ, त्यामुळे बेसमधले होल मोठ्या संख्येने त्याच्यात शिरतात. शिवाय त्याचं जंक्शन एमिटरपेक्षा पसरट. कडेच्या भागातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांसमोर गोळा करणारा एमिटर नसतोच. एबर्स आणि मोल यांनी १९५४ मध्ये ट्रान्झिस्टर एका समीकरणात बसवला तो याच सममितीवर: दोन्ही जंक्शनं आपापली कडा उचलतात, दोन उंचींचा फरक ओलांडून जातो, आणि प्रत्येक जंक्शनचा बेस करंट वेगळा मांडायचा. चारही अवस्था त्यातच आहेत.

आता डायोड रेंजवरच्या त्या चार मिलिव्होल्टचा उलगडा. मीटर बेस-एमिटर तपासतो तेव्हा कलेक्टर मोकळा असतो. मोकळ्या पायातून करंट जाऊ शकत नाही, म्हणजे रेघेचा उतार जवळजवळ सपाट असायला हवा. ट्रान्झिस्टर गाढ सॅच्युरेशनमध्ये जातो आणि कलेक्टर जंक्शन स्वतःहून फॉरवर्ड होतं. म्हणजे एक डायोड तपासताना दोन्ही जंक्शनं चालू असतात. हे वेगळं मोजलं: बेसला ४७ किलोओहममधून ५ व्होल्ट, एमिटर जमिनीला (सप्लायच्या शून्य टोकाला), कलेक्टर मोकळा. कलेक्टरवर ३.१ मिलिव्होल्ट. बीटा ८ धरून समीकरणातून जवळजवळ तेवढेच येतात. मग पाय बदलले, कलेक्टर जमिनीला, एमिटर मोकळा: ०.२ मिलिव्होल्ट. समीकरण ०.१ च्या खाली सांगतं, बाकीचं कलेक्टरच्या अंगच्या रोधाचं. डायोड रेंजवर करंट जास्त असतो, त्यामुळे तिथे फरक तीनऐवजी चार दिसतो.

मिलिव्होल्टच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत शून्याला चिकटणारा स्विच! चॉपर ॲम्प्लिफायरमध्ये सूक्ष्म व्होल्टेज वाढवण्याआधी त्याचे तुकडे पाडण्यासाठी पूर्वी ट्रान्झिस्टर मुद्दाम उलटे जोडत ते यासाठी. ज्या अवस्थेला निरुपयोगी म्हणून सोडून देतात तिला असं काम मिळालेलं होतं, हे बोर्डावर लिहायचंच.

२३ ऑगस्ट

बीसी५५७बी बसवून पीएनपी (थरांचा प्रकार उलटा असलेला ट्रान्झिस्टर) तपासला. सप्लायची टोकं उलटी, सगळी चिन्हं उलटी, बेसमधून आता होल पसरतात. दसपटीला ६० मिलिव्होल्ट इथेही तेच. वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. स्विचची तीच घरं वापरता येतात, सप्लायसाठी एक दुहेरी स्विच वाढला.

पट्टीवरच्या मजकुराचा निर्णय केला. स्विचच्या चार घरांसमोर ‘कटऑफ’, ‘ॲक्टिव्ह’ ही नावं लहान अक्षरांत, आणि मोठ्या अक्षरांत दोन्ही जंक्शनांची स्थिती: ‘एमिटर फॉरवर्ड, कलेक्टर रिव्हर्स’ अशी. शेजारी त्या घराची तिरकी रेघ: पहिल्यात दोन्ही कडा शून्य, दुसऱ्यात डावी उंच, तिसऱ्यात दोन्ही उचललेल्या, चौथ्यात उजवी उंच.

पुढचं काम मोठ्या करंटचं. ५० मिलिअँपच्या पुढे बीटा उतरू लागतो. तो सलग मोजायचा तर ट्रान्झिस्टर तापतो आणि दोन परिणाम एकमेकांत मिसळतात. त्यासाठी आखूड पल्स देणारं वेगळं सर्किट लागेल. ३०० मायक्रोसेकंदांची पल्स आणि दोन टक्क्यांहून कमी काळ चालू, असं डेटाशीटमध्ये अशा वाचनांखाली दिलेलं असतं. तोच मापदंड धरून टायमरचं गणित उद्या मांडतो.